उचल कुणाची, हजेरी कुणाची : कचऱ्याच्या धंद्यातील वेठबिगारीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात कंत्राटी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच धंद्यातून आलेली निघाली : कारखान्यांचा आणि कार्यालयांचा कचरा, भंगार, बांधकामाचा राडारोडा उचलून नेण्याच्या धंद्यातून. सर्वांचा रोख थोड्याफार फरकाने एकच असल्यामुळे हा संपूर्ण अंक त्या विषयाला दिला आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : भोसरीत आमचा कारखान्यांतील वेष्टणांचा कचरा, जुने फर्निचर आणि राडारोडा उचलण्याचा व्यवसाय आहे. स्वतःचे नऊ टेम्पो आणि दोन डंपर आहेत. पगारपत्रकावर २६ माणसे आहेत आणि काम वाढले की दोन मुकादमांकडून आणखी तीस-चाळीस माणसे घेतो. आमच्या एका मोठ्या ग्राहकाची मूळ कंपनी ब्रिटनमधील आहे. करार वाढवून देताना त्यांनी यंदा एक घोषणापत्र पाठवले असून, आमच्या आणि आमच्या पुरवठादारांच्या कामात ‘आधुनिक गुलामगिरी’ नाही, अशी हमी त्यात मागितली आहे. आम्ही कुणालाही कोंडून ठेवलेले नाही, गोदामाचे दार सदैव उघडे असते. सही करून पाठवून द्यावी का? — एक उद्योजिका, भोसरी

उत्तर : लगेच सही करू नका. ग्राहकाकडून तीन-चार आठवड्यांची मुदत मागून घ्या. खरोखर तपासणी करणाऱ्या पुरवठादाराला मुदत नाकारणारा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

हा कागद आपल्यापर्यंत कसा आला, ते आधी सांगतो. ब्रिटनमध्ये २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. त्याच्या ५४व्या कलमानुसार, वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या आणि ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या कंपनीला, आपल्या कामात आणि पुरवठ्याच्या साखळीत गुलामगिरी राहू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी संचालक मंडळाच्या मान्यतेने प्रसिद्ध करावे लागते. गंमत अशी की, ‘आम्ही काहीही केले नाही’ असे लिहिले तरी त्या कलमाची पूर्तता होते. मात्र तसे छापणे कोणत्याही मोठ्या कंपनीला शोभत नाही, म्हणून ती आपल्या पुरवठादारांकडून हमी गोळा करते आणि तो भार उतरत उतरत भोसरीच्या गोदामापर्यंत येतो. तो कायदा आपल्या व्यवसायाला थेट लागू नाही. पण सही केल्यावर ते विधान आपल्या कराराचा भाग होते आणि उद्या ते खोटे ठरले तर करार मोडल्याची जबाबदारी आपली असते.

आता मूळ मुद्दा. ‘दार उघडे असते’ हे आपले वाक्य प्रामाणिक आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु आपला कायदा दाराबद्दल विचारतच नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ने वेठ आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली आणि १९७६च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने, २५ ऑक्टोबर १९७५पासून, ही पद्धत संपुष्टात आल्याचे जाहीर केले. त्या कायद्यातील व्याख्या शांतपणे वाचण्यासारखी आहे. कर्ज किंवा उचल (म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेतल्यामुळे, किंवा रूढीने वा अन्य बांधिलकीने, एखाद्याला बिनमजुरी किंवा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, दुसरीकडे काम करण्याची मुभा उरली नसेल, मोकळेपणाने कुठेही जाता येत नसेल, किंवा स्वतःच्या श्रमातून आलेली वस्तू बाजारभावाने विकता येत नसेल, तर या चारांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी आहे. साखळदंड, कुलूप किंवा पहारेकरी यांचा त्यात उल्लेख नाही. याशिवाय, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करणारा माणूस गरिबीच्या रेट्यामुळेच ते पत्करतो, म्हणून तीही अनुच्छेद २३च्या अर्थाने सक्तीची मजुरीच होय. तेव्हा आपल्या गोदामात कुणी बांधलेले आहे का, हा प्रश्न प्रत्यक्षात असा होतो : आपल्या मुकादमाच्या माणसाच्या हातात किती पैसे पडतात आणि उद्या सकाळी त्याने ‘मी जातो’ म्हटले तर काय होते?

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील भंगाराच्या गोदामात मी तपासणीला गेलो होतो. नाव घेण्याचे कारण नाही. कागदपत्रे चोख होती. प्रत्येक मजुराचे बँक खाते होते, प्रत्येकाच्या खात्यावर किमान वेतन जमा झाल्याच्या नोंदी होत्या आणि हजेरीपुस्तकात एकही खाडाखोड नव्हती. मुकादम चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा त्याच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा राहिला होता. त्यात रबर लावून ठेवलेली अकरा एटीएम कार्डे होती आणि प्रत्येकाच्या मागे चिकटपट्टीवर बॉलपेनने चार आकडे लिहिलेले होते. पगार खात्यावर जमा होत असे आणि त्याच संध्याकाळी मुकादम तो काढून घेत असे. मजुराला आठवड्याच्या बाजारापुरते पैसे मिळत आणि उरलेले ‘उचलीत वळते’ होत. दार तिथेही उघडेच होते.

म्हणून मुकादमांकडूनही तशीच एक सही घ्यावी आणि फाइल बंद करावी, हा मार्ग आपण पत्करू नये. मुकादम सही करतोच. त्याला सहीचे वावडे नसते. त्याऐवजी पहिली तपासणी आपल्या टेबलावरच, त्याने दिलेल्या दरपत्रकावर करावी. हिशेबापुरते धरू की, लागू असलेले किमान वेतन महागाई भत्त्यासह दिवसाला ५२० रुपये आहे. आपल्या क्षेत्राचा आणि वर्गाचा खरा आकडा कामगार विभागाच्या चालू अधिसूचनेतून घ्यावा. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १३ टक्के, म्हणजे सुमारे ६८ रुपये होतात. कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे १७ रुपये. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे ४३ रुपये. बेरीज ६४८ रुपये झाली आणि अजून हातमोजे, गमबूट, भरपगारी रजा, गाडीभाडे आणि मुकादमाचा नफा यांपैकी काहीही धरलेले नाही. आता आपल्या मुकादमाचा दर काढून पाहा. तो माणशी ५५० असेल, तर जवळजवळ शंभर रुपये कुठून येतात? मुकादम ते स्वतःच्या खिशातून घालत नाही. असा दर स्वीकारणाऱ्याला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही. बेरीज त्याच्याही कॅल्क्युलेटरवर तेवढीच येते. कडवट वाटेल, पण सांगणे भाग आहे : आपण स्वतः ग्राहकाला दिलेला दरही याच कसोटीवर लावून पाहा आणि तो अपुरा ठरला, तर घोषणापत्रासोबत सुधारित दरपत्रकही पाठवा. हमी हवी आणि दर मात्र गेल्या वर्षीचाच हवा, असा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला हे लेखी विचारले गेले पाहिजे.

दुसरी तपासणी हजेरीची. मुकादमाच्या माणसांची हजेरी मुकादमाच्या वहीत न राहता आपल्या गोदामाच्या पुस्तकात, आपल्या माणसाच्या हस्ताक्षरात असावी. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या आपल्यावर येते, हे तत्त्व जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही आहे. पगाराच्या यादीतील खाते क्रमांक एकदा नीट पाहावेत : दोन-तीन जणांचा खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक किंवा पत्ता एकच निघाला, तर विचारणा करावी. आधार कार्डे आणि एटीएम कार्डे ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ मुकादमाकडे असतील, तर ती त्याच दिवशी ज्याची त्याच्या हाती परत द्यायला लावावीत. यासाठी चौकशी समिती नेमण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याची. मुकादम समोर नसताना, जेवणाच्या सुट्टीत, माणसांच्या भाषेत बोलावे. ‘पगार किती मिळतो?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करून घेतलेले असते. त्याऐवजी गावी शेवटचे कधी गेला होता, घरी पैसे कोण पाठवते, उचल किती घेतली होती आणि किती फिटली, असे विचारावे. स्वतःच्या उचलीचा आकडा ज्याला सांगता येत नाही आणि जो ‘मुकादमाला विचारा’ म्हणतो, त्याने खरे तर उत्तर दिलेले असते.

पुरवठादार म्हणजे केवळ मजूर पुरवणारे, असे मात्र समजू नये. आपला टेम्पो माल कुठे रिकामा करतो? पुठ्ठा, प्लास्टिक आणि पत्रा वेगळा करणारी गोदामे हीदेखील आपली साखळी आहे आणि माझ्या अनुभवात खरी अडचण तिथेच असते, कारण तिथे कुटुंबेच्या कुटुंबे मालाच्या ढिगाशेजारी राहतात आणि बायकांची, मुलांची हजेरी कुठेही लागत नाही. महिन्यातून एकदा, न कळवता, आपल्याच टेम्पोत बसून तिथवर जावे.

तपासणीत काही आढळलेच, तर रागाच्या भरात त्या मुकादमाचे काम रातोरात बंद करू नका. तसे केले की तो माणसांना टेम्पोत घालून दुसऱ्या जिल्ह्यात नेतो आणि पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांना लेखी कळवावे. वेठबिगाराची ओळख पटवणे, त्याला मुक्त करणे आणि मुक्तता प्रमाणपत्र देणे हे काम कायद्याने त्यांचे आहे. ते प्रमाणपत्र फार मोलाचे असते : त्यावरूनच केंद्राच्या पुनर्वसन योजनेतील तातडीची ३० हजार रुपयांपर्यंतची मदत आणि पुढे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये असे साहाय्य मिळण्याचा मार्ग खुला होतो. थकलेली मजुरी आपण मुख्य मालक म्हणून थेट माणसांच्या हातात द्यावी. हे सर्व झाल्यावर घोषणापत्रात ‘आमच्याकडे असे काही नाही’ या वाक्याऐवजी ‘आम्ही अमुक तपासले, तमुक आढळले, हे दुरुस्त केले’ असे लिहून सही करा.

प्रश्न : मी स्वतः मुकादम आहे. बीड आणि नांदेडकडची माणसे आणून पुणे परिसरात राडारोडा भरण्याची आणि जुन्या इमारती पाडल्यावरच्या साफसफाईची कामे करतो. उचल दिल्याशिवाय माणूस गाडीत बसतच नाही. ऊसतोडीलाही हीच रीत आहे. माझे पैसे घेऊन माणूस पळाला तर मी काय करायचे? उचल देणे हा गुन्हा आहे का? — एक वाचक, परळी

उत्तर : आपण मोकळेपणाने लिहिलेत म्हणून तितकेच मोकळेपणाने उत्तर देतो. उचल देणे हा गुन्हा नाही. उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे जाऊ न देणे, हा गुन्हा आहे. या दोहोंमधली रेघ बारीक आहे आणि बहुतेक मुकादम ती नकळत ओलांडतात.

समजा, आपण २० हजार दिले आणि ते साधे हातउसने असेल, तर माणूस मध्येच निघून गेल्यावर आपण त्याच्याकडे ते पैसे मागू शकता, दिवाणी मार्गाने वसूलही करू शकता. परंतु त्या पैशांच्या बदल्यात त्याचे शरीर राबवण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. त्याला अडवणे, त्याचा भाऊ किंवा बायको ‘जामीन’ म्हणून ठेवून घेणे, कागदपत्रे काढून घेणे, खाड्याला दुप्पट मजुरी कापणे, उचलीवर व्याज लावून ती फिटूच न देणे, यांपैकी काहीही केले की ते १९७६च्या कायद्याखाली येते आणि मग ते कर्जच कायद्याने रद्द ठरते. म्हणजे पैसेही जातात आणि तीन वर्षांपर्यंतची कैदही होऊ शकते. शिवाय असे प्रकरण उभे राहिल्यावर ‘हे वेठबिगारीचे कर्ज नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर असतो. सावकारी व्यवहारात ही उलटी तरतूद फार कमी ठिकाणी दिसते आणि ती मुद्दाम केलेली आहे.

व्यवहारात काय करावे? उचल एका महिन्याच्या मजुरीपेक्षा मोठी असू नये. ती दोन प्रतींत लिहावी आणि एक प्रत माणसाच्या खिशात राहावी. कपात प्रत्येक पगाराला ठरलेल्या रकमेची असावी आणि बिनव्याजी असावी. वेतन संहितेनुसार सर्व प्रकारच्या कपाती मिळूनही पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मोठी उचल मागितली जाते तिच्या मागे बहुधा गाडीभाडे, घरच्यांसाठीचे धान्य आणि जुने देणे असते. यांपैकी गाडीभाडे उचलीत धरूच नये, तो खर्च कामाचा आहे. आपल्या वरच्या ठेकेदाराकडून तो आगाऊ मागून घ्यावा आणि दरात मांडावा. ठेकेदार तो देत नसेल, तर आपणही त्याच साखळीत अडकलेले आहात, फक्त एक पायरी वर. माणूस पळून जाण्याची भीती आपल्याला वाटते ती खरी आहे. पण ज्या मुकादमाची माणसे दिवाळीनंतर आपणहून फोन करतात, त्याला ती कमी वाटते, एवढे मी पाहिले आहे.

प्रश्न : सोलापुरात माझे भंगाराचे दुकान आहे. वीस-बावीस कचरावेचक बायका माझ्याकडे माल घालतात. दवाखाना, शाळेची फी, लग्न अशा कामांना मी त्यांना रोख देतो, व्याज घेत नाही. त्यांनी माल मात्र माझ्याकडेच घालायचा आणि प्लास्टिकच्या बाटल्यांना बाजारात किलोला २८ रुपये चालू असले तरी आम्ही २२ धरतो, असे ठरलेले आहे. माझ्या मुलाचे म्हणणे असे की, हे आता कायद्यात बसत नाही. त्याचे खरे की माझे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलाचे खरे आहे. वेठबिगारीच्या व्याख्येतील चौथा भाग वर दिला आहे : कर्जाच्या बदल्यात स्वतःच्या श्रमाची वस्तू बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे. पहाटे चार वाजता उठून वेचलेली बाटली ही त्या बाईच्या श्रमाची वस्तू आहे. आपण व्याज घेत नाही, असे आपल्याला वाटते. परंतु रोज दहा किलो माल घालणारी बाई किलोमागे सहा रुपयांप्रमाणे दिवसाला ६० आणि महिन्याच्या २५ दिवसांत १,५०० रुपये आपल्याकडे सोडते आणि ते तिच्या मुद्दलातून वजा होत नाहीत. पाच हजारांच्या उचलीवर हा हिशेब मांडला, तर सावकारसुद्धा लाजेल.

आपला हेतू वाईट आहे, असे मी म्हणत नाही. रात्री अकरा वाजता लेकराला घेऊन ती बाई बँकेच्या दारात जाऊ शकत नाही, आपल्या दुकानाच्या फळ्या मात्र ठोठावू शकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून उसने देणे बंद करू नका. उसन्याची वही आणि मालाची वही वेगळी करा. माल त्या दिवसाच्या भावाने घ्या, पूर्ण पैसे द्या आणि त्यातून ठरलेला हप्ता तिच्या देखत वजा करून तिच्या वहीत लिहा. दुसऱ्या दुकानी माल घालण्याची मोकळीक तिला असली पाहिजे. तिची वही तिच्याचकडे राहू द्या. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा; भावाइतकीच लूट काट्यात होते आणि काट्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती नेमक्या याच व्यवहारांच्या अनुभवातून. संघटनेने कचरावेचकांना ओळखपत्रे दिली, त्यांची पतसंस्था सुरू केली आणि २००८मध्ये तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. आपल्या बायकांनी बचत गट केला आणि आपण त्याला मदत केली, तर आपले गिऱ्हाईक तुटेल, ही भीती धरू नये. रास्त भाव देणाऱ्या दुकानापासून माल फारसा लांब जात नाही.

प्रश्न : आमच्या फर्ममध्ये केवळ १८ माणसे आहेत आणि ती आम्ही ‘मानधनावरील सहकारी’ म्हणून ठेवली आहेत. एवढ्या लहान संस्थेला हे कायदे लागू होतात का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होतात. वेठबिगारीच्या आणि किमान वेतनाच्या कायद्याला माणसांच्या संख्येची अट नाही. ‘मानधन’ या शब्दाविषयी तर मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे महापालिकेच्या कंत्राटांवरील सफाई कामगारांना वर्षानुवर्षे ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला मानधन; कंत्राटांचे तुकडेही असे पाडले गेले की, कुठल्याच ठेकेदाराकडे २० माणसे भरू नयेत, कारण तेव्हाचा कंत्राटी कामगार कायदा २०पासून लागू होत असे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा औद्योगिक न्यायाधिकरणात नेला, २०१४मध्ये सुमारे २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल लागला आणि एप्रिल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आपली संख्या १८ असणे हा योगायोग असेल, तर उत्तम.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून बर्मिंगहॅमजवळील एका पुनर्प्रक्रिया केंद्रात, कचरा वर्गीकरणाच्या पट्ट्यावर, पाळीप्रमुख आहे. एजन्सीकडून आलेले चार पूर्व युरोपीय कामगार नेहमी एकाच गाडीतून येतात, एकच माणूस त्यांच्या वतीने बोलतो आणि त्यांपैकी एकाने हाताला पट्टी असतानाही सुट्टी घ्यायला नकार दिला. हे माझ्या अखत्यारीत येते का? उगाच कुणाच्या पोटावर पाय येऊ नये, असे वाटते. — एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : आपण जिथे आहात, तिथेच ब्रिटनमधील या प्रकारचा सर्वांत मोठा खटला घडला. वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या ‘ऑपरेशन फोर्ट’ या तपासात उघडकीस आले की, पोलंडमधून बेघर, तुरुंगातून सुटलेली, व्यसनाधीन अशी माणसे चांगल्या पगाराच्या आमिषाने आणून शेतांवर, कोंबड्या-टर्कींच्या कारखान्यांत आणि कचऱ्याच्या पुनर्प्रक्रिया केंद्रांत लावली जात होती. त्यांच्या नावाने बँक खाती उघडून कार्डे टोळी स्वतःकडे ठेवत असे. बिस्किटांच्या डब्याची गोष्ट वर सांगितली, तिची आठवण यावी असाच हा प्रकार होता. बळींची संख्या ४००पर्यंत असावी, असा पोलिसांचा अंदाज होता आणि २०१९मध्ये टोळीतील आठ जणांना शिक्षा झाल्याचे जाहीर झाले. ती माणसे रोज तुमच्या-माझ्यासारख्या पाळीप्रमुखांच्या समोर उभी राहून काम करत होती.

तिथल्या कायद्यातील एक पोकळी आपल्याला माहीत असावी. २००४च्या फेब्रुवारीत मोरकॅम्बच्या उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले, त्यानंतर मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. पण तो शेती, अन्नप्रक्रिया आणि शिंपल्यांच्या कामापुरता. कचरा वर्गीकरणासाठी माणसे पुरवणाऱ्या एजन्सीला तसा परवाना लागत नाही, म्हणून आपल्यासारख्या जागेवरच्या माणसाची नजर तिथे अधिक मोलाची ठरते.

आपण चौकशी अधिकारी होऊ नये आणि त्या ‘बोलणाऱ्या’ माणसाला जाबही विचारू नये. त्याला संशय आला, तर चौघे उद्यापासून दिसणार नाहीत. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि हाताच्या दुखापतीची नोंद करून ठेवावी. व्यवस्थापनाकडून पगार विभागाला एवढेच तपासायला सांगावे की, या चौघांची खाती, पत्ते आणि फोन क्रमांक वेगवेगळे आहेत ना. त्यानंतर आधुनिक गुलामगिरीविषयीच्या हेल्पलाइनला ०८००० १२१ ७०० या क्रमांकावर फोन करावा. नाव न सांगताही माहिती देता येते आणि पुरावा जमवून देण्याची अपेक्षा नसते. जिवाला धोका दिसला तर ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक. जखमी कामगाराला मात्र प्रथमोपचाराच्या निमित्ताने आजच बाजूला घ्यावे, कारण तेवढी पाच मिनिटे त्याला एकटे मिळणे हेच अनेकदा पुरेसे ठरते. त्याला समजेल अशा भाषेचा दुभाषी फोनवर मिळवावा; त्या चौघांतील कुणालाही दुभाषी करू नये. आणि पोटावर पाय येण्याविषयी : मजुरी दुसऱ्याच्याच खात्यात जात असेल, तर ज्याचे पोट राखायची आपल्याला काळजी वाटते, तो माणूस पट्ट्यावर उभा नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दुरुस्तीचा राडारोडा उचलायला आलेल्या ठेकेदाराबरोबर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा गोणी वाहतो. ‘भाच्याला सुट्टी आहे म्हणून आणलाय’ असे ठेकेदार म्हणतो. सोसायटीने यात पडावे का? — सचिव, एक गृहनिर्माण संस्था, डोंबिवली

उत्तर : पडावे. काम आपण दिले आहे. १४ वर्षांखालील मुलाला मजुरीला लावण्यास कायद्याने बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायात शाळेनंतर मदत करण्याची जी सवलत आहे, ती धोक्याच्या कामाला नाही आणि चौथ्या मजल्यावरून गोणी उतरवणे या मदतीत बसत नाही. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करावा, मुलाला तोवर खाली कार्यालयात बसवून खायला द्यावे आणि ठेकेदाराचे उरलेले बिल थांबवण्यापूर्वी त्यातील मोठ्या मजुरांची मजुरी सोसायटीने स्वतः चुकती करावी. पुढच्या वेळी दरपत्रक मागवताना किती माणसे, किती दिवस आणि माणशी मजुरी किती, हे तीन रकाने त्यात छापून घ्या; सर्वांत स्वस्त दर कुणाचा आहे, ते कार्यकारिणीने त्यानंतरच पाहावे.